मस्टँग: कागदापासून पक्क्या मांडीपर्यंत

बिगरीतला_स्वार
अमेरिकेत मस्टँग (तिथले मोकाट रानघोडे) पाळण्याबद्दल मराठीत एका जागी काही सापडत नाही, म्हणून हा धागा. डोळ्यासमोर असलेला घोडा असा: खच्ची केलेला, ७ वर्षांचा, नेवाडातला, उंची १४.१ हँड. मोरखी घालू देतो, दोरीवर चालतो, पाठीवर माणूस बसून साधारण वीसेक वेळा फिरलाय. बसणारा रायडिंग स्कूलच्या म्हाताऱ्या शहाण्या घोड्यांवर दोन वर्षं शिकलेला. कँटर (दुडकीहून वेगाची चाल) जमतो, पण घोडा बिचकला की हातपाय गार. जागा आणि कागद काय लागतात, खोगीर कुठलं घ्यावं, आणि मुख्य म्हणजे रिकिबीत पाय टाकताना पोटात येणारा गोळा कसा घालवावा?

रानवारा
कागदापासून सुरू करतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं.

मस्टँग ही शुद्ध जात नव्हे. स्पॅनिशांनी आणलेल्या घोड्यांपासून सुरुवात, पुढे रँचवरून सुटलेले, घोडदळातले, शेतकामाचे अशी सगळी सरमिसळ. १९७१ च्या कायद्याने या मोकाट घोड्यांना संरक्षण मिळालं आणि त्यातल्या बहुतेकांची देखभाल ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे गेली. पुढे नुसतं बीएलएम म्हणतो. कळप फार वाढले की ते घोडे पकडतात आणि दत्तक देतात. न शिकवलेल्या घोड्याचं शुल्क १२५ डॉलरपासून सुरू होतं. या आकड्याला भुलू नका, खरा खर्च कुंपण, चारा आणि ट्रेनरचा.

दत्तक घेतल्यावर पहिलं वर्ष घोडा सरकारचाच असतो. वर्ष झाल्यावर पशुवैद्य किंवा तशा पात्र माणसाने निगा बरोबर असल्याचं लिहून दिलं की टायटल, म्हणजे मालकीचा कागद, मिळतं. तोवर विकता येत नाही. ३० दिवसांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या जागी किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायचा असेल तर आधी लेखी परवानगी लागते. घोडा मेला, पळाला किंवा चोरीला गेला तर ७ दिवसांत कळवायचं. बोर्डिंगला ठेवणाऱ्यांनी हे आधीच बोलून घ्यावं, कारण भाडं परवडत नाही म्हणून तबेला बदलणं या वर्षात वाटतं तितकं सोपं नसतं.

मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली पांढऱ्या रेघा आणि कोनांची ओळ दिसेल. तो गोठवून उमटवलेला शिक्का. पहिली खूण सरकारची, नंतर अंदाजे जन्मसाल, मग सहा आकडी नोंदणी क्रमांक. वय विचारण्याआधी ते वाचा.

पेशवेकालीन_तट्टू
म्हणजे पहिलं वर्ष आपण बारगीर, घोडा सरकारी. टायटल आलं की शिलेदार!

(आणि १४.१ हँड वाचून कुणी कोपरापासूनचा हात मोजू नये. हँड म्हणजे ४ इंच, टिंबानंतरचा आकडा इंचांचा. म्हणजे खांद्यापाशी ५७ इंच. मस्टँग साधारण १४ ते १५ हँडच्या आत-बाहेरच असतात.)

चौखूर
बारगीर-शिलेदार आवडलं :)

कुंपणाचं सांगतो. माणसाळलेला नसेल आणि वय १८ महिन्यांच्या वर असेल तर कुंपण किमान ६ फूट उंच हवं. लहानांना ५ फूट चालतं. एका घोड्याला किमान ४०० चौरस फूट, म्हणजे २० बाय २०. काटेरी तार चालत नाही. निवारा छपराचा आणि किमान दोन बाजूंनी बंद. दुकानात सर्रास मिळणारी पाइपची पॅनेल ५ फुटी असतात, ती परत करायची वेळ अनेकांवर येते. ६ फुटीच मागा.

हिशोब: १२ फुटी ७ पॅनेल गोलसर जोडली (त्यात एक फाटकाचं) तर ५०० चौरस फुटांच्या वर जागा मिळते आणि कोपरेही तीव्र राहत नाहीत. रानातला घोडा घाबरला की कोपऱ्यात डोकं घालून पुठ्ठा (मागचा भाग) तुमच्याकडे करतो. कोपरा जितका बोथट तितकी लाथेची वेळ कमी. कामासाठी गोल रिंगण हवं असेल तर ६० फूट व्यासाला १६ पॅनेल लागतात, ५० फुटाला १३.

ट्रेलर स्टॉक प्रकारचाच. मागे पूर्ण उघडणारं दार, घोड्याने पायरी चढून आत जायचं. उतरत्या फळीचे दोन-घोडी ट्रेलर न शिकवलेल्या घोड्यासाठी बीएलएम भरूनच देत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं: घोडा आपणहून जवळ येऊन मोरखी घालू देईपर्यंत मोठ्या कुरणात सोडू नका. पाच एकरांत सुटलेला मस्टँग परत पकडणं म्हणजे वरातीमागून घोडे, आणि त्यात वरातही आपलीच.

खरारा
बिगरीतला_स्वार, तुमचा घोडा शिकवलेला आहे हे वाचलं. तरीही नव्या जागी आल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस तो काहीच शिकलेला नाही असं समजून चाला. याचं कारण समजलं तर पुढचं सोपं जाईल. मस्टँग एखादी गोष्ट शिकतो ती त्या जागेसकट, त्या माणसासकट, त्या बाजूसकट. ट्रेनरच्या रिंगणात डावीकडून खोगीर घालू देणारा घोडा तुमच्या अंगणात उजवीकडून हात लावू देईलच असं नाही. घरात वाढलेल्या घोड्यातही हे असतं, पण त्याने जन्मल्यापासून बादल्या, गाड्या, पोरं, कुत्री पाहिलेली असतात. मस्टँगच्या हिशेबी या सगळ्या गोष्टी पहिल्यांदा.

म्हणून प्रत्येक गोष्ट डावीकडून, मग उजवीकडून, मग जागा बदलून.

हात लावण्याची रीत अशी. त्याच्या खांद्याच्या रेषेत उभे राहा, तोंडासमोर नको. कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीमागे त्याला दिसत नाही. एक पाऊल जवळ जा. डोकं वर गेलं, श्वास थांबला, डोळ्याचा पांढरा भाग दिसला की थांबा. पुढेही जाऊ नका, मागेही येऊ नका. कान हलला, मान खाली आली, जिभेने ओठ चाटले की तत्काळ मागे फिरा. घोडा शिकतो तो दाब दिल्याने नाही, सुटल्याने. तो ताठ असताना तुम्ही मागे आलात तर ताठ राहिलं की माणूस जातो एवढंच तो शिकतो.

न शिकवलेल्या घोड्याला पहिला स्पर्श हाताने करूच नका. ८ ते १० फुटी बांबूच्या टोकाला जुना हातमोजा बांधा आणि खांदा आणि आयाळीच्या सुरुवातीला खाजवा. तिथून मान, पाठ, शेवटी पाय. बांबू लांब असल्याने तुम्ही घाबरत नाही. तुम्ही घाबरला नाहीत की तोही निम्मा शांत.

रिकीब
खरारा यांच्याशी सहमत, एक भर. शांत दिसणारा प्रत्येक घोडा शांत नसतो. काही मस्टँग भीतीने आतल्या आत बंद होतात. हलत नाहीत, कान स्थिर, नजर एका जागी, ओठ आवळलेले, शेपूट पुठ्ठ्याला चिकटलेली. नवखा म्हणतो, किती गरीब आहे! खोगीर घाला, काही नाही. बसा, काही नाही. मग पाच पावलं चालवला की एकदम उसळतो. हलायला लावल्यावर भीती बाहेर पडते.

यावर तपासणी सोपी: बसण्याआधी खोगिरासकट दोरीवर दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं चालवा, दुडकीवर आणा, थांबवा. पाठ कमानीसारखी फुगलेली दिसली, पावलं आखडलेली पडली, तर त्या दिवशी बसणं रद्द.

पशुवैद्य_टेक्सास
चाऱ्यावर कुणी लिहिलं नाही, आणि दत्तक गेलेल्या मस्टँगांचं नुकसान अनेकदा तिथेच होतं. लाडाने.

हे घोडे कोरड्या, विरळ गवतावर टिकून राहिलेले. आपल्याकडच्या भीमथडी तट्टूसारखे, थोडक्यात भागवणारे. त्यांना हिरवंगार कुरण आणि धान्य दिलं की मानेच्या वरच्या कडेला चरबीची कडक वळी येते आणि मागून खुरांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहिला, कडक जमिनीवर चालायला कचरला, खुरावर हात ठेवल्यावर गरम लागलं, तर वाट न पाहता डॉक्टर बोलवा.

वजन मोजायला काटा नको. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत, गुणिले तोच घेर, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ३३०. उत्तर पौंडांत. घेर ६८, लांबी ६० असेल तर सुमारे ८४० पौंड, म्हणजे ३८० किलो. वाळका चारा रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के: या घोड्याला ५.७ ते ७.६ किलो. साधं गवत, अल्फाल्फाची गरज नाही. बारीक जाळीच्या पिशवीत द्या म्हणजे दिवसभर पुरतं. मोकळं मीठ दिवसाला साधारण ३० ग्रॅम, पाणी २० ते ४० लिटर, उन्हाळ्यात जास्त. चारा बदलायचा तर ७ ते १० दिवस घेऊन हळूहळू, नाहीतर पोटशूळ.

लसी: धनुर्वात, रेबीज, वेस्ट नाइल आणि पूर्व-पश्चिम एन्सेफलायटिस (मेंदूज्वर) या प्रत्येक घोड्याला. खूर दर ६ ते ८ आठवड्यांनी कापून घ्या. बहुतेकांना नाल लागत नाही, पण खूर कापायलाच नको हा गैरसमज आहे. रानात रोज मैलोन्मैल दगडांवर चालून झिजतात, तुमच्या मऊ रिंगणात झिजत नाहीत.

बिगरीतला_स्वार
३८० किलोवर बसणाऱ्याचं वजन किती चालेल? आणि खोगीर?

चौखूर
बसणारा + खोगीर + बाकी सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्के ही प्रचलित मर्यादा. म्हणजे ७६ किलो. वेस्टर्न खोगीर १४ ते १८ किलोचं असतं, मग माणसाला ५८ ते ६२ उरतात. एन्ड्युरन्सचं (लांब पल्ल्याच्या रपेटीचं) ८-९ किलोचं घेतलं तर ६७. नव्याने माणूस उचलू लागलेल्या घोड्याला तर याहून कमीच द्यावं. ८५ किलोच्या माणसाने १४.१ चा घोडा घेऊ नये, वाईट वाटलं तरी.

खोगिराची मोठी अडचण लांबी. पाठ आखूड असते. शेवटची बरगडी बोटाने चाचपत कण्यापर्यंत वर जा, त्या रेषेच्या मागे खोगिराचा भार पडता कामा नये. चौकोनी लांब झालरीचं वेस्टर्न खोगीर कमरेत टोचतं आणि मग घोडा 'उगाच' उसळतो. गोल झालरीचं घ्या. पुढे खांद्याच्या हाडामागे दोन-तीन बोटं जागा सोडा.

दुसरी अडचण, अनेकांची पाठ गोल आणि खांदा बुटका. खोगीर घसरतं. लोक तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) करकचून आवळतात, त्याने घसरणं थांबत नाही, फक्त घोडा तंगाला चिडू लागतो. उपाय: रुंद ट्री (खोगिराचा आतला सांगाडा), न सरकणारी गादी, छातीचा पट्टा. शेपटीखालचा पट्टा लावायचा असेल तर आधी मऊ दोरी शेपटीखाली फिरवून दोन-तीन आठवडे सवय करा, थेट लावला तर घोडा हवेत.

अर्ध्या तासाच्या रपेटीनंतर खोगीर काढून घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओलं आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग असेल तर तिथे दाब जास्त आहे.

रिकीब
आता पोटातला गोळा.

भीती दोन प्रकारची असते, आणि दोन्हीवर एकच औषध नाही. एक, घोडा खरंच तयार नाही आणि शरीर ते ओळखतं. ही भीती ऐकायची. दुसरी, घोडा ठीक आहे पण थांबवता येईल याची खात्री नाही. ही कसरतीने जाते. धैर्य वगैरे बाजूला ठेवा, खात्री थांबवण्याची हवी.

बसण्याचा क्रम ठरवून टाका आणि रोज तोच ठेवा. तंग तीन वेळा: खोगीर घालताना सैल, पाच मिनिटं चालवून एकदा, चढायच्या आधी एकदा. चढायला चौथरा वापरा, जमिनीवरून चढलं की गोल पाठीवर खोगीर फिरतं. चौथऱ्यावर उभे राहून खोगिरावर हात थोपटा, रिकीब हलवा. रिकिबीत पाय, वजन टाका, उतरा. असं तीनदा. घोडा चार पायांवर चौरस उभा राहिला तरच पाय पलीकडे टाका. बसल्यावर दहा अंक मोजेपर्यंत निघायचं नाही. चढताच चालू पडणारा घोडा पुढे कशालाच थांबत नाही.

पहिल्या दिवसांत १० ते १५ मिनिटं, नुसतं चालणं आणि थांबणं. निघा, आठ पावलं, थांबा, मोठ्याने श्वास सोडा. पुन्हा. श्वास सोडण्याचं कारण साधं आहे: भीतीत माणूस श्वास धरतो, मांड्या आवळतो, टाचा वर जातात, पुढे झुकतो. मस्टँगसाठी पाठीवर आवळलेलं आणि पुढे झुकलेलं काहीतरी म्हणजे पळण्याची खूण. गुणगुणलात तरी श्वास आपोआप सुटतो. घोड्याच्या गळ्यात चामड्याचा पट्टा बांधा, बिचकला तर लगाम न ओढता तो धरा.

आणि चांगलं चाललं असताना उतरा. 'अजून एक फेरी' हीच पडण्याची फेरी असते.

रानवारा
एका लगामाने थांबवणं शिकवलंत तर या गोळ्याचा निम्मा प्रश्न सुटतो. एक लगाम आखूड धरून हात मांडीपर्यंत आणा, वर नको. दुसरा सैल. घोड्याचं डोकं वळतं, मागचे पाय एकमेकांना ओलांडतात, जोर निघून जातो. पाय थांबले की त्याच क्षणी सोडा. उभ्याने, मग चालताना, मग दुडकीत, दोन्ही बाजूंना.

खरारा
याला माझा अर्धा विरोध. एक, हे कँटर किंवा भरधाव घोड्यावर करू नका. मागचा भाग सुटून घोडा आडवा पडू शकतो. तिथे मोठं वर्तुळ घ्या आणि फेरी-फेरीने लहान करत आणा. दोन, अरुंद पायवाटेवर, उतारावर, निसरड्यावर अजिबात नको. तीन, दिवसाला वीस वेळा केलंत तर मान रबरासारखी होते: डोकं गुडघ्याशी, खांदे भलतीकडे, घोडा पळतोच आहे. मग तुमच्याकडे ना थांबवणं ना वळवणं.

रानवारा
मान्य, वेग आणि जागा लिहायला हवी होती. आठवड्यात दोनदा, प्रत्येक बाजूला तीन-चार वेळा एवढं पुरे. रोजचं थांबवणं श्वास आणि बैठकीनेच.

बिगरीतला_स्वार
वाटेवर सायकल किंवा फडफडणारं प्लास्टिक आलं तर?

खरारा
घोड्याला त्या वस्तूकडे ढकलू नका, वस्तूला घोड्यापासून दूर न्या. ओळखीच्या माणसाला सायकल हळू पुढे चालवायला सांगा, तुम्ही वीस-तीस पावलांवरून मागे जा. पळून जाणाऱ्या गोष्टीची भीती वाटत नाही, उलट घोडा कान पुढे करून पाठलाग करतो. दोन-तीन दिवसांत अंतर घटतं. मग सायकल थांबवायची, घोड्याला हुंगू द्यायचं. शेवटी ती समोरून येऊ द्यायची. हे सगळं आधी जमिनीवर, १२ फुटी दोरी धरून, मग पाठीवरून. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही, घडी करून धरायची. बोटं जातात.

पहिल्या रपेटी वयस्क, निवांत घोड्याच्या मागे, वीस-तीस मिनिटं. परतीला घर दिसलं की वेग वाढू लागतो. तेव्हा वळा, पन्नास पावलं उलट जा, पुन्हा घराकडे. घरी आल्यावर लगेच खोगीर उतरवू नका, थोडं काम तिथेच करा.

हेल्मेट घोडेस्वारीच्या मानकाचंच, सायकलचं नाही. एकदा डोक्यावर पडलात की ते बाद. बुटाला इंचभर टाच हवी, सपाट बूट रिकिबीत आरपार जातो.

बिगरीतला_स्वार
शनिवारी घोडा बघायला जातोय. विकणारा ट्रेनर आहे. काय बघू?

चौखूर
टायटल विकणाऱ्याच्या नावावर आहे का ते आधी. नसेल तर तो विकूच शकत नाही, बोलणं संपलं. शिक्क्यावरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहा. ताजी कॉगिन्स चाचणी (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची रक्ततपासणी) मागा.

वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. घोडा आधीच खोगीर घालून उभा असेल तर खोगीर काढायला लावा आणि पाठीवर हात फिरवा. घामाने ओली असेल तर सकाळी दमवून ठेवलाय. कुरणातून पकडण्यापासून सगळं तुमच्यासमोर व्हायला हवं. चारही खूर उचलून दाखवायला सांगा, मग तुम्ही उचला. उजवीकडून मोरखी घालून बघा, तिथे बऱ्याच गोष्टी उघड होतात. ट्रेलरमध्ये चढतो का, आणि आत पाच मिनिटं उभा राहतो का.

रिकीब
आधी ट्रेनर बसेल, मग तुम्ही. तो बसायला टाळाटाळ करत असेल तर तुम्हीही बसू नका. बसलात तर चालणं, थांबणं, दोन्हीकडे वळणं, उतरणं. कँटर मागू नका. दुसऱ्या दिवशी न कळवता पुन्हा जाता आलं तर उत्तम.

रानवारा
आणि शनिवारी ट्रेलर सोबत नेऊ नका.